शेजारच्या घरातली दुपार

आमच्या घराची आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच आहे. बेसिंगस्टोकच्या या भागात बहुतेक घरं अशीच जोडीने बांधलेली आहेत. भिंत एका विटेची असावी. पलीकडे कपाटाचं दार लावलं तरी इकडे कळतं. घर घेताना सर्व्हेयरने अहवालात हे लिहिलं नव्हतं; आम्हाला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं.

पलीकडे एक मोरोक्कन कुटुंब राहत असे. तो माझ्याच वयाचा, पन्नाशीला आलेला. मी ज्या बिझनेस पार्कमध्ये अकाउंट्सचं काम करायचो, त्याच पार्कातल्या दुसऱ्या एका कंपनीत तो सर्व्हर सपोर्टला होता. त्याची बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत, मुलगी शाळेत. सकाळी आठनंतर त्यांचं घर बंद असायचं ते संध्याकाळी साडेपाचला उघडायचं. दोन हजार आठच्या जानेवारीपर्यंत हे असंच चालू होतं. मग त्याची आई आली.

त्याचे वडील आदल्या शरद ऋतूत गेले होते. आई मोरोक्कोत, फेस आणि मेकनेस या शहरांच्या मधल्या एका लहान गावात एकटी होती. तो एकुलता एक. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर त्याने तिला आणलं होतं, पण त्याच्या मनात तिला कायमचं ठेवून घ्यायचं होतं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागणार होता आणि तिच्या होकाराशिवाय तो करायचा नाही, हे त्याने ठरवलं होतं. तिने होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता. एक अट घातली होती. दुपारच्या जेवणाला घरातलं एक तरी माणूस घरी आलं पाहिजे.

हे त्याने मला फेब्रुवारीत कुंपणापाशी सांगितलं. मी म्हटलं, "एवढंच?"

"तुला एवढंच वाटतं," तो म्हणाला. "माझ्या मॅनेजरला विचार."

त्याच्या डेस्कवर दोनच माणसं होती. एकाने बारा ते एक जेवायचं, दुसऱ्याने एक ते दोन. फोन कधी रिकामा ठेवायचा नाही. त्याच्यासोबत काम करणारी बाई त्या वेळी बाराला जायची. त्याने तिच्याकडून बाराची वेळ मागून घेतली. तिने लगेच दिली, कारण एक वाजता पोहण्याच्या तलावात गर्दी कमी असते आणि तिला पोहायचंच होतं. ऑफिसपासून घर गाडीने दहा मिनिटं. म्हणजे दोन्ही वेळची वीस मिनिटं वजा केली की घरी चाळीस मिनिटं उरत. तो रोज यायला लागला.

त्याच महिन्याच्या शेवटी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, सुरुवातीला गाडी चालवायची नाही. ऑफिसने रजा दिली. बायकोची नोकरी कौन्सिलमध्ये, ती सकाळी निघायची. मी दिवसभर घरी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मी वर्किंग डेला घरी बसून होतो, आणि आमच्या गल्लीत दिवसा काय होतं ते मला कळलं. काहीच होत नाही. अकराला पोस्टमन येतो आणि तीनच्या पुढे शाळेची मुलं येतात. मधल्या वेळात आवाज होता तो फक्त त्या भिंतीपलीकडचा.

भिंतीमुळे त्याच्या आईचा दिवस मला हळूहळू पाठ झाला. पहाटे नळ. मग पुष्कळ वेळ काही नाही. सगळे गेले की लाकडी परातीत पीठ मळण्याचा थप्प थप्प असा आवाज. मग चिरणं, फोडणीसारखा काहीतरी चर्र आवाज, आणि मग दोन तास मंद आचेवर काहीतरी शिजत राहायचं, त्याचा वास बागेतून यायचा. बाराच्या पुढे गाडी थांबायची, दार, दोघांचं बोलणं, भांडी, पुन्हा दार, गाडी. त्यानंतर शांतता. मग केटल.

आमची ओळख त्या केटलमुळे झाली. मी बागेत हळूहळू फेऱ्या मारत होतो, डॉक्टरांनी सांगितलेल्या. ती मागच्या दाराशी आली आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, चहा घे. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात काम केल्यामुळे थोडी फ्रेंच येत होती. मला पुण्यात कॉलेजच्या दिवसांत केलेल्या दोन वर्षांच्या क्लासमुळे थोडी येत होती. तिची बोलण्याची होती, माझी परीक्षेची. तरी भागायचं. मुलाने सांगितलं होतं म्हणून मी तिला खालती म्हणायचो, म्हणजे मावशी. ती मला वलिदी म्हणायची, म्हणजे बाळा. बाळाला तेव्हा एकावन्नावं चालू होतं.

निघताना मी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"असरनंतर ये."

असर म्हणजे तिची दुपारची दुसरी नमाज. मी विचारलं, "असरनंतर म्हणजे किती वाजता, खालती?"

"असरनंतर."

"तीन? चार?"

तिने माझ्याकडे, ऑपरेशन पोटाचं झालं की डोक्याचं, अशा नजरेने पाहिलं. "तीनला आलास तर चहा मिळेल. चारला आलास तरी मिळेल. मग तुझी अडचण काय आहे?"

मी घरी येऊन इंटरनेटवर बघितलं. असर ही वेळ रोज सरकते. फेब्रुवारीत असरपासून सूर्यास्तापर्यंत अडीच तासांच्या आसपास वेळ असतो, जूनमध्ये इथे त्याच्या दीडपट होतो. म्हणजे तिने दिलेली वेळ ही वेळ नव्हतीच. तो एक पट्टा होता, आणि ऋतूप्रमाणे लांबत-आखडत जाणारा. त्या पट्ट्यात कधीही गेलं की माणूस वेळेवर आलेला असतो. संध्याकाळी मी बायकोला हे समजावून सांगायला लागलो.

"त्यात काय एवढं," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तुमच्या आई नाही का म्हणायच्या, उन्हं कलली की या? तेव्हा नाही तुम्ही कधी कोष्टक काढलंत."

त्यानंतर मी बहुतेक दिवशी जात राहिलो. ती तिच्या गावच्या दिवसाबद्दल सांगायची. सकाळी पीठ मळून भाकरी थापायच्या, फळीवर मांडून गल्लीतल्या सामायिक भट्टीवर पाठवायच्या. भट्टीवाला प्रत्येक घरची भाकर ओळखतो. भाकर भाजून घरी येते तोवर बाजार झालेला असतो. मग स्वयंपाक. दुपारी सूर्य माथ्यावरून कलला की बांग होते, नमाज होते, आणि गाव जेवायला बसतं. दुकानं बंद, शाळा बंद, कचेऱ्या बंद. जेवून गाव झोपतं. असरला उठतं, चहा पितं आणि दुसऱ्यांदा कामाला लागतं. ती म्हणाली, "आमच्याकडे एका दिवसात दोन दिवस असतात. इथे एकच, आणि तो पण संपत नाही."

शुक्रवारी वाफवलेल्या रव्याचा कुसकूस असायचा, तो ती माझ्यासाठी वेगळा काढून ठेवायची. गुरुवारी आम्ही मांस-मच्छी खात नाही हे तिला एकदाच सांगावं लागलं. वाराप्रमाणे जेवण बदलतं, यात तिला काही विचित्र वाटलं नाही. विचित्र तिला हे वाटलं, की हे इंग्रज रोज दुपारी सँडविच खातात आणि तेही उभ्याने.

मार्चच्या शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे घड्याळं एक तास पुढे गेली. आमच्या घरात त्या दिवशी सगळी घड्याळं लावायचं काम माझं असतं: हॉल, बेडरूम, ओव्हन, मायक्रोवेव्ह, सेंट्रल हीटिंगचा टायमर आणि गाडी. मी ते केलं. पलीकडे खालतीच्या सुनेने केलं असणार.

त्या आठवड्यापासून माझ्या दारी दुपारी ताट यायला लागलं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, आजारी माणसासाठी काळजीने आणलं असेल. कोंबडी, मटार, लिंबाचं लोणचं घातलेला रस्सा, आणि घरची भाकर. माझं जेवण झालं होतं, पण उत्तम होतं म्हणून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी गुरुवार, तेव्हा मसूर. ताट मोठं असायचं. दोन घास चाखायला देतात तसं नव्हतं, एका धडधाकट माणसाचं पूर्ण जेवण असायचं.

"तुम्हाला हलकं खायला सांगितलंय," बायको म्हणाली, "आणि तुम्ही दोन-दोन जेवणं करताय."

"वाया कसं घालवायचं?"

"वाया घालवू नका. पोटात घाला. टाके उसवले की मला हाका मारू नका म्हणजे झालं."

आठवड्याभराने माझ्या लक्षात आलं की पलीकडची दुपार बदलली आहे. गाडी पूर्वीसारखीच यायची. पण भांड्यांचा आवाज यायचा नाही. बोलणंही फारसं नाही. मुलगा जायचा, आणि तो गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने भांडी वाजायची. त्यानंतर माझ्या दाराची बेल. मी हिशेबाचा माणूस आहे. दोन रकाने जुळत नसले की मला स्वस्थ बसवत नाही. गाडी बारा दहाला येते, पावणेएकला जाते, आणि ताट दीडला माझ्याकडे येतं. म्हणजे ते ताट माझं नव्हतंच. ते त्याचं होतं.

पुढच्या रविवारी तो बागेत गवत कापत होता. मी कुंपणापाशी गेलो.

"तू दुपारी घरी जेवतोस का रे?"

"घरी जातो," तो म्हणाला. "जेवायला मिळत नाही. भाकर आणि ऑलिव्हचं तेल खाऊन परत येतो."

"का?"

"आई रागावलीय. का ते सांगत नाही. मी जातो तेव्हा भांडं गॅसवर असतं. म्हणते, अजून शिजलं नाही, बस. मी बसतो, घड्याळ बघतो, उठतो. तिचं तोंड आणखी वाकडं होतं."

"किती दिवस झाले?"

"एक आठवडा झाला."

मी विचारलं, "तुझ्या आईने घड्याळ पुढे केलंय का?"

त्याने मशीन बंद केलं. "तिच्याकडे घड्याळ नाहीये."

"नाहीच?"

"नाही. पण फेब्रुवारीत ती रोज साडेबाराच्या ठोक्याला वाढायची. रोज! मला वाटायचं ओव्हनचं घड्याळ बघते."

"ती साडेबाराला वाढत नव्हती," मी म्हटलं. "सूर्य कलला, नमाज झाली, की वाढत होती. हिवाळ्यात ते इथे साडेबाराच्या आसपास येतं. आता दीडला येतं."

तो नमाज सुटीच्या दिवशीच पढायचा, त्यामुळे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, त्याचा अर्थ मी विचारला नाही. मग तो मशीनच्या दांड्यावर हात ठेवून हसायला लागला. "मी दिवसभर काय करतो माहितीये? सिंगापूरचा सर्व्हर आणि टोरांटोचा सर्व्हर एका वेळेवर आणतो. त्याचे मला पैसे देतात."

दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तेव्हा खालतीनेच विषय काढला. मुलाने आदल्या रात्री तिला सगळं सांगितलं होतं. तिला घड्याळं पुढे गेल्याचं माहीत होतं. तिला ते नवीनही नव्हतं. सत्तरच्या दशकात त्यांच्या सरकारनेही काही वर्षं उन्हाळ्यात असं केलं होतं. तेव्हा गावात दोन वेळा असायच्या, जुनी आणि नवी. कोणी म्हणालं दहा वाजता ये, तर ऐकणारा विचारायचा, जुने दहा की नवे? तिचा नवरा रेल्वे स्टेशनावर कामाला होता, म्हणजे सरकारी वेळेचा. तो नव्या वेळेने घरी यायचा. तिचा स्वयंपाक जुन्या वेळेने व्हायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आला की झोपायचा. झोपून उठला की ताट तयार. आधी झोप, मग जेवण. एवढाच फरक. मला वाटलं, हा पण झोपेल. हा खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहतो, जशी काही मी बस आहे आणि मला उशीर झालाय."

म्हणजे ती रागावली होती ते मुलगा झोपत नाही म्हणून. आणि मुलाला वाटत होतं की ती रागाने उशीर करते. वडिलांना तेव्हा अडीच तास सुटी असायची आणि याला घरी मिळतात चाळीस मिनिटं, हे दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगावंसं वाटलं नाही, तिला विचारावंसं वाटलं नाही.

मी तिला माझ्या परीने समजावून पाहिलं. एक तास आधी स्वयंपाक सुरू करायचा, बस्स. कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली. तिने शांतपणे बघितली.

"अकराला भूक लागते का तुला?" तिने विचारलं.

"अकरा नाही, खालती. बारा."

"तुमचे बारा. नमाजच्या आधी जेवायचं, मग नमाजला उठायचं, मग काय करायचं? असरपर्यंत भिंतीकडे बघायचं?" तिने कागद परत माझ्याकडे सरकवला. "चित्र छान काढतोस."

तेव्हा वेळ मुलालाच बदलावी लागणार होती. त्याला आता एक ते दोन हवी होती, आणि ती पोहणाऱ्या बाईकडे होती. तीच बाई, जिच्याकडून त्याने दोन महिन्यांपूर्वी बारा ते एक मागून घेतली होती. ती त्याला म्हणाली, तू आधी ठरव तुला कधी भूक लागते. शेवटी तो ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या शनिवारच्या ऑन-कॉल ड्यूट्या स्वतःकडे घ्यायला तयार झाला, तेव्हा तिने होकार दिला आणि सकाळी लवकर पोहायला सुरुवात केली. ऑक्टोबर अशासाठी, की तेव्हा घड्याळं परत मागे येतात.

त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो खुशीत होता. मला शनिवार मोजावेसे वाटले, पण मोजले नाहीत.

त्यानंतर ताट येणं बंद झालं. एकच्या पुढे गाडी यायची आणि थोड्याच वेळात भांडी वाजायची. त्याच्या आईचा आवाज भिंतीतून मोठा ऐकू यायला लागला. एकदा दोघं हसलेही. एप्रिलच्या मध्यावर माझी रजा संपली आणि मी ऑफिसला जायला लागलो. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, घरून काम करायची मुभा मिळाली होती. शुक्रवारी भिंतीपलीकडचे आवाज ऐकून मला वाटायचं, की आता ती अर्जाला होकार देणार.

मे महिन्यात एका रविवारी त्यांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं, असरनंतर. बायको म्हणाली, "घड्याळ घरी ठेवून चला." आम्ही गेलो. सून हॉस्पिटलच्या ड्यूटीवर होती. पुदिन्याचा चहा झाला, तिळाच्या वड्या झाल्या, आणि मग खालती मुलाला म्हणाली, यांना सांग. तो पेल्यांत पुन्हा चहा ओतायला लागला. तेव्हा तिने मलाच फ्रेंचमध्ये सांगितलं, की ती महिनाअखेरीस परत जाणार आहे.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं.

"अहो, पण आता तर ते जेवायला येतात ना?" बायको थेट तिलाच मराठीत म्हणाली. त्या दोघी नेहमी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि त्यांचं बरंच जमायचं.

खालतीला प्रश्न कळला असावा. ती मुलाकडे बोट दाखवून बोलायला लागली, आणि तो मान खाली घालून आमच्यासाठी इंग्रजीत सांगत गेला. आईने मुलाबद्दल केलेली तक्रार मुलानेच भाषांतर करून शेजाऱ्यांना सांगायची, हे अवघड काम त्याने नीट केलं. त्यात काही वगळलं नाही, असं मला वाटतं.

"म्हणते, तो येतो, जेवतो, उठतो. हॉटेलात जेवतात तसा. म्हणते, तिच्या घरी माणसं जेवून आडवी होतात. इथे तो गेल्यावर ती एकटी आडवी होते, तेव्हा तिला आजारी पडल्यासारखं वाटतं. सगळं गाव जागं आणि आपण एकट्याच अंथरुणात."

मग तो स्वतःचं बोलला, आईकडे वळून, पण मला कळावं म्हणून फ्रेंचमध्ये. "आई, तिथेही आता कोणी झोपत नाही. सरकारने दोन-तीन वर्षांपूर्वी कचेऱ्या सलग केल्या. मधली सुटी काढून टाकली. तुला माहितीये."

"सरकारने काढली," ती म्हणाली. "झोपत नाहीत ते कासाब्लांकाचे. आमच्या गल्लीत ये आणि तीन वाजता एक तरी दार वाजवून दाखव."

मी पुण्याचा आहे. दुपारच्या झोपेबद्दल मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. माझे वडील दुकान बंद करून एकला घरी येत आणि चारला उघडत, आणि मधल्या वेळात आमच्या घरी कोणी मोठ्याने पेला ठेवला तरी बोलणी खायचा. पण हे मी तिथे बोललो नाही. मुलाच्या विरोधात मत दिल्यासारखं झालं असतं.

बायकोने मात्र ते दिलं. "खरं आहे हो त्यांचं," ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "हात वाळायच्या आत निघून जायचं, त्याला जेवायला येणं कसं म्हणायचं?"

"काय म्हणाल्या त्या?" शेजाऱ्याने विचारलं.

"चहा छान झालाय म्हणाली," मी सांगितलं.

तो हसला नाही. "मी दोन तास मागितले असते," तो म्हणाला, "तर त्यांनी मला रोजच सुटी दिली असती. कायमची."

त्याने तिकीट काढलं. अर्ज केला नाही. मेच्या शेवटी तो तिला हीथ्रोला सोडून आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे काहीच आवाज झाला नाही, असं मी लिहिलं असतं, पण मी त्या दिवशी ऑफिसात होतो.

जूनच्या सुरुवातीला मोरोक्कोच्या सरकारने बऱ्याच वर्षांनंतर घड्याळं पुन्हा पुढे नेली. शेजाऱ्याने मला पार्कमध्ये गाठून हे सांगितलं. गावात परत जुने दहा, नवे दहा सुरू झालं होतं. आईला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिने विजेचं बिल भरण्यापुरती नवी वेळ आणि बाकी सगळ्याला जुनी, अशी वाटणी करून टाकली होती.

मी विचारलं, "मग तू एकची वेळ परत दिलीस का त्या बाईला?"

"नाही," तो म्हणाला. "लागते."

कशाला, ते मला महिन्याभराने दिसलं. मी दुपारी पार्कच्या मागच्या बाजूने सँडविच घेऊन येत होतो. त्याची गाडी झाडाखाली उभी होती. खिडकी थोडी उघडी. सीट पूर्ण मागे टाकलेली आणि तो तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. मांडीवर रिकामा डबा. डॅशबोर्डवर मोबाइल, स्पीकर चालू, आणि त्यातून कुठल्यातरी लांबच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, उशीर होईल, उठवावं. दोन वाजत आले होते. मी काचेपर्यंत हात नेला आणि तेवढ्यात फोनमधून गजर वाजला, जुन्या पद्धतीचा, किल्लीच्या घड्याळाचा. पाठोपाठ त्याच्या आईने त्याचं नाव घेऊन हाक मारली. दोनदा. तो उठला, डोळे पुसले, "उठलो, उठलो" अशा सुरात काहीतरी म्हणाला, आणि सीट सरळ करताना त्याला मी दिसलो.

त्याला ओशाळल्यासारखं झालं नाही. चालता चालता त्याने सांगितलं, की आईने गावच्या बाजारातून एक गजराचं घड्याळ आणलं होतं. आयुष्यातलं तिचं पहिलं. ते तिने त्याच्या ऑफिसच्या वेळेवर लावून ओट्यावर ठेवलं होतं. एकच्या पुढे तो फोन लावायचा, दोघं आपापल्या ठिकाणी जेवायची, फोन न ठेवता आडवी व्हायची, आणि गजर झाला की ती त्याला उठवून स्वतः परत झोपायची. तिची झोप असरपर्यंत होती. त्याची होती पंचवीस मिनिटं.

ऑगस्टच्या अखेरीला त्यांच्या सरकारने घड्याळं परत मागे घेतली. सगळं गाव पुन्हा एका वेळेवर आलं, पण ओट्यावरचं घड्याळ तिने हलवलं नाही. ते मुलाच्या ऑफिसच्या वेळेवर, एक तास पुढेच राहिलं. दुसऱ्याच दिवसापासून रमजान लागला. तरी दुपारी एकला तो पूर्वीसारखाच गाडीकडे जाताना मला दिसत राहिला. एक दिवस मी विचारलं, "अरे, तुमचा तर उपास आहे. जेवण नाही, काही नाही. मग रोज फोन लावून करता काय?"

"झोपतो," तो म्हणाला, आणि किल्ली काढून गाडीत बसला.